ताईच्या कोटातले फोटो

माझ्या भाचीला तिसऱ्यांदा दिवस गेले, त्या वर्षीची ही गोष्ट. आधीच्या दोन्ही वेळी पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायचीच बंदी केली. पडून राहायचं, आणि मनाला धक्का बसेल असं काही तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. घरात कोणाच्या हातून भांडं पडलं, तरी सगळे आधी तिच्या खोलीकडे बघायचे.

पडून पडून कंटाळलेल्या माणसाच्या हातात फोन असला की काय होतं, ते आम्ही त्या वर्षी पाहिलं. तिने पलंगावरूनच आपल्या आईवडिलांची परदेशातल्या एका शहराची सहल ठरवली. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती, ते निमित्त. विमान, हॉटेल, गाडी, सगळं तिने बोटाने उरकलं. त्यावर कळस म्हणजे तिकडेच स्थायिक झालेली एक मराठी फोटोवाली ठरवली. त्या शहरातली जी ठिकाणं बघायला जगभरातून लोक येतात, तिथे ही बाई गर्दी व्हायच्या आत फक्त तुमच्यासाठी येणार आणि नवरा-बायकोचे फोटो काढणार.

"अगं, आमचे फोटो आहेत की," ताई फोनवर म्हणाली.

"आहेत ना. लग्नातल्या फोटोत बाबांचे डोळे मिटलेत, आणि नंतरच्या प्रत्येक फोटोत तुझा अर्धा चेहरा कोणाच्या तरी मागे आहे."

खोटं नव्हतं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. फोटोची वेळ आली की ती कोणाचं तरी पोर कडेवर घेऊन मागच्या रांगेत जायची. या वेळी तसं करता येऊ नये म्हणून भाचीने तिच्यासाठी हळदी रंगाचा लांब कोट आणि तसलाच गळपट्टा मागवून दिला. शंभर माणसांत उठून दिसेल असा.

त्यांच्याबरोबर तिसरी मी. भाऊजींना कमी ऐकू येतं, ताईला परक्या जागी सुचत नाही, आणि मला पाट्या वाचायची हौस. लिहायला-वाचायला मी उतारवयात शिकले, म्हणून दिसेल ती पाटी मोठ्याने वाचल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. "विमानात हिने आणीबाणीच्या दरवाजाची पाटी इतक्या वेळा वाचली," ताई सगळ्यांना सांगायची, "की शेजारच्या माणसाने उतरेपर्यंत पट्टा सोडला नाही."

फोटोच्या दिवशी सकाळी मी आवरून त्यांच्या खोलीचं दार वाजवलं. भाऊजींनी उघडलं. ते बूट घालून तयार होते, पण चेहरा असा, की कोणीतरी आताच रागावून गेलंय. आत ताई पलंगावर बसली होती. पाठीशी चार उशा. रात्रभर ती तशीच बसून होती, हे मला उशांवरूनच कळलं. श्वास तोंडाने चालला होता. पाय सुजून टुम्म झाले होते.

"काय झालं गं?"

"काही नाही. झडपेचं आहे."

"कसली झडप?"

मग ती थांबत थांबत बोलली. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं. हिने त्यांना बाळंतपण होईपर्यंत थांबायला लावलं, गोळ्या आणल्या, भाऊजींना शपथ घातली आणि गप्प बसली. सहलीला नाही म्हटलं असतं तर भाचीला लगेच वास लागला असता. म्हणून आली.

मला राग आवरेना. "आणि मला सांगायचं नाही?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"मी आत्ता डॉक्टर बोलावते."

"बोलाव. फोटो झाल्यावर." तिने माझं मनगट धरलं. हात थंडगार होता. "भिंगरे," तिने माझं लहानपणचं नाव काढलं, "ऐक. पोरगी पहाटेपासून फोन हातात घेऊन बसली असेल. आज फोटो रद्द झाले तर ती विचारेल का. मग मला बघायला मागेल. हे असं बघितलं तर ती पलंगावरून उठेल. उठली की झालं."

"मग करायचं काय?"

ताईने खुर्चीवरच्या कोटाकडे मान केली. "तू घाल."

"तुला वेड लागलंय."

"आपल्या दोघींची पाठ सारखी आहे. आई मागून हाक मारताना कायम चुकायची. गळपट्टा डोक्यावरून घे, काळा चष्मा लाव. नाक तेवढं लपव, ते काही आपल्या घरातलं नाही."

भाऊजी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होते. "कोण चाललंय माझ्याबरोबर?"

"ही!" ताई ओरडली आणि त्या एका शब्दाने तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी माझा स्वेटर काढून कोट चढवला होता. वाद घालण्यात तिचा श्वास खर्च होत होता. तिने गोळी घेतली होती आणि तासाभरात बरं वाटतं म्हणत होती. मी एवढंच कबूल करून घेतलं, की मी अधूनमधून फोन करीन तेव्हा ती उचलेल, आणि फोटो संपले की डॉक्टर. मधलं बटण काही केल्या लागलं नाही.

"पोट आत घे," ताई म्हणाली.

"आत घेतलेलंच आहे."

फोटोवाली खाली उभी होती. उंच, काटक बाई, गळ्यात दोन कॅमेरे, नाक थंडीने लाल. तिने दोघांना लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. भाऊजींनी "नको, चहा झालाय" असं उत्तर दिलं. आम्ही निघालो.

पहिलं ठिकाण नदीवरचा जुना दगडी पूल. चित्रात मी तो कितीदा पाहिला होता. तिथे पोचल्यावर मला त्याचा एक दगड आठवत नाही, फक्त खिशातला फोन आठवतो. वाटेत फोटोवालीने आपली पद्धत सांगितली. ती काढील तो फोटो त्याच क्षणी कॅमेऱ्यातून भाचीच्या फोनवर जाणार होता. घरची माणसं बसल्या जागी बघतात, आवडला नाही तर पुन्हा काढायला सांगतात. याच कामासाठी म्हणे लोक तिला दुरून दुरून ठरवतात. ते ऐकून मी गळपट्टा आणखी पुढे ओढला. मला वाटलं होतं फोटो नंतर कधीतरी जातील, लहान लहान दिसतील.

"काका, काकूंच्या खांद्यावर हात ठेवा."

भाऊजींना ऐकू आलं नाही. तिने खूण करून दाखवली. भाऊजींचा हात वर गेला आणि माझ्या खांद्याच्या वीतभर वर अधांतरी थांबला, गरम तव्यावर धरल्यासारखा.

"टेकवा की. चाळीस वर्षं झाली, अजून लाजता?"

"ठेवा," मी ओठ न हलवता म्हटलं.

"मेहुणीबाई, मी आयुष्यात—"

"मेहुणीबाई म्हणू नका!"

हात टेकला. कॅमेरा वाजला. मी नदीकडे तोंड करून उभी राहिले. फोटोवाली म्हणाली, इकडे बघा. मी म्हटलं, मला पाणी बघायला आवडतं. तिने पाठमोरे काढले, दुरून काढले, चालताना काढले. मधे मी कठड्याच्या कोपऱ्यात जाऊन ताईला फोन केला.

"आहे, जिवंत आहे. परत जा," ती म्हणाली. वाक्य तिने दोन श्वासांत म्हटलं. मी ते मोजलं आणि मला ते आवडलं नाही.

दुसरं ठिकाण चौकातला घड्याळाचा उंच मनोरा. तिथे थोडी माणसं यायला लागली होती. मला घाई झाली होती. जितक्या लवकर हे संपेल तितक्या लवकर डॉक्टर येणार, एवढा एकच हिशेब डोक्यात होता. पण फोटोवाली आपल्या कामात चोख. उजेड सरकेपर्यंत थांबायची, कबुतरं उडेपर्यंत थांबायची. इतक्यात तिचा फोन वाजला आणि तो वाचून ती हसली.

"तुमची मुलगी म्हणतेय, आईला मान वर करायला सांगा. आणि चष्मा काढायला."

"उन्हाचा त्रास होतो मला."

फोटोवालीने आकाशाकडे पाहिलं.

आणि मग माझा स्वतःचा फोन वाजला. भाचीचा. ताईचा फोन लागला नाही की ती मला करायची, त्यात नवल नव्हतं. पण मी ताईच्या कोटात, मनोऱ्याखाली, तिच्या वडिलांच्या शेजारी उभी, आणि कॅमेरा समोर. मी पटकन पाठ फिरवली.

"मावशी, कुठे आहेस तू?"

"इथेच गं. बाजूला उभी आहे."

"आई चेहरा का लपवतेय?"

"डोळ्यावर ऊन येतंय तिच्या."

"फोटोत तर ढग दिसतायत."

"ढगातलं ऊन. ते जास्त टोचतं."

"आणि बाबा असे का उभे आहेत? वर्गाबाहेर काढल्यासारखे?"

"थंडी आहे गं. आणि तुला ठाऊकच आहे ते."

ती हसली. मग आवाज खाली गेला. "मावशी, काल रात्री बाळ कमी हलतंय असं वाटत होतं. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, सगळं ठीक आहे म्हणाल्या. पण मला झोप नाही. मला आईचे डोळे बघायचेत. नीट, समोरून. आणि एक कर, पुढच्या ठिकाणी तूही ये फोटोत. तुम्हा तिघांचा एक काढा. तेवढा आला की मी झोपते."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. एक बाई एका फोटोत दोन जागी कशी उभी राहणार? सबब शोधायला गेले तर एकही सापडेना. मी आजारी पडले म्हणावं, तर आत्ताच तर बोलले. मोठ्या पायऱ्या हे तिसरं ठिकाण, तिथे जाऊ नये म्हणावं, तर का? विचारायला म्हणून ताईला फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलत नाही," मी भाऊजींच्या कानाशी ओरडले.

त्यांना ते पहिल्या झटक्यात ऐकू आलं. हॉटेलचा नंबर त्यांच्या पाकिटात होता आणि पाकीट खोलीत. ते टोपी काढून हातात धरून उभे राहिले.

मग मी फोटोवालीकडे गेले, चष्मा काढला आणि तिला सगळं सांगून टाकलं. मी कोण, ती कोण, भाचीचे आधीचे दोन्ही वेळचे हाल, सगळं. माझं बोलणं संपायच्या आत ती कॅमेरे पिशवीत भरत होती.

"मला पुलावरच शंका आली होती," ती म्हणाली. "बायकोकडे एवढ्या अदबीने बघणारा नवरा मी अजून पाहिला नाही. चला, टॅक्सी पलीकडे मिळेल."

टॅक्सीत मी फोन लावत राहिले. रस्ते भरले होते. प्रत्येक सिग्नल आमच्यासाठीच लाल होता. भाऊजी पुढच्या सीटवर बसून हाताने डॅशबोर्ड ढकलत होते, त्याने गाडी पळणार असल्यासारखं. मधेच भाचीचा निरोप आला, 'काय झालं? फोटो येत नाहीयेत.' मी टाइप करायला गेले तर अक्षरं सापडेनात. माझ्याच्याने घाईत कधी लिहवत नाही. फोटोवालीने माझ्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं, 'जागा बदलतोय, थोडा वेळ.'

हॉटेलात शिरल्या शिरल्या तिने काउंटरवरच्या माणसाला डॉक्टर बोलवायला सांगितलं. लिफ्ट वर होती. ती खाली येईपर्यंत आम्ही तिघं वरच्या आकड्यांकडे बघत उभे. दाराशी भाऊजींनी कार्ड उलटं घातलं, मग सुलटं घातलं पण फार लवकर ओढलं. लाल दिवा. पुन्हा लाल. मी दारावर हात मारला. आतून काही आवाज नाही. शेवटी फोटोवालीने त्यांच्या हातातून कार्ड घेतलं आणि दार उघडलं.

पलंग रिकामा होता. उशा खाली पडलेल्या.

"इतक्या लवकर आलात?" खिडकीकडून आवाज आला.

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, माझा जुना राखाडी स्वेटर घालून, दोन्ही हात कठड्यावर टेकून. ओठ निळसर झाले होते.

"फोन का नाही उचललास?" मी ओरडले. आणि मग मला रडू फुटलं.

"पलंगाखाली गेला. वाकलं की श्वास जातो." तिने थांबून श्वास घेतला. "वाजत होता. मी बघत बसले होते त्याच्याकडे. केवढा दंगा करतो."

भाऊजी तिच्या पायाशी खाली बसले. पाय हातात घेतले. चाळीस वर्षांत मी त्यांना चारचौघांत तिला हात लावताना पाहिलं नव्हतं. फोटोवाली दारातच उभी होती. तिचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि मागे आला.

"डॉक्टर येतायत," मी म्हटलं. "आणि आता हे नाटक बंद. तिला तुझे डोळे बघायचेत. तिघांचा फोटो मागतेय. कसा देऊ?"

"कोट दे माझा," ताई म्हणाली.

"ताई!"

"डॉक्टर येईपर्यंत मी काय करू, पंख्याची पाती मोजू? दे कोट. आणि हा तुझा स्वेटर, घाल परत."

आम्ही कपड्यांची अदलाबदल केली. तिच्या हातात बाही घालताना हात केवढा हलका झालाय ते मला कळलं. तिच्या अंगावर कोटाची सगळी बटणं लागली, वर जागा उरली. फोटोवालीने खुर्ची जराशी तिरपी केली, पडदा अर्धा ओढला आणि एक पांढरा टॉवेल माझ्याकडे देऊन तो खाली, फोटोत दिसणार नाही असा धरायला लावला, चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून. बोलत मात्र ती ताईशी होती.

"काकू, रंगीत नको. ओठ दिसतील. काळा-पांढरा करते."

"म्हणजे आमच्या लग्नातल्यासारखा," ताई म्हणाली. "यांना सांग, डोळे उघडे ठेवा."

"डोळे उघडे!" मी भाऊजींच्या कानात ओरडले.

"उघडेच आहेत!" ते रागाने म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ताईने तो राग ऐकला आणि हसली. तेव्हाच कॅमेरा वाजला.

तो फोटो माझ्याकडे आहे. ताई मधे बसलेली, सरळ कॅमेऱ्यात बघणारी. एका बाजूला भाऊजी, दुसऱ्या बाजूला मी, खांदा वाकडा, कारण हातात टॉवेल. पाठीमागे खिडकीची चौकट आणि धुकट छपरं. प्रसिद्ध असं त्यात काहीच नाही.

आम्ही भाचीच्या निरोपाची वाट बघत राहिलो. फोनची काच काळी होती. फोटोवाली भिंतीला टेकून नखं खात होती, ते बघून मला ती घरचीच वाटली. मग काच उजळली. 'हाच सगळ्यात छान. बाकीच्यात कोटामुळे आई केवढी जाड दिसतेय. आता झोपते.'

ताई हसली, हसताना खोकली, आणि खोकता खोकता माझ्याकडे बोट दाखवत राहिली. तेवढ्यात डॉक्टर आले.

त्यांनी इंजेक्शन दिलं आणि दवाखान्यात नेलं. पायांची सूज उतरल्यावर तिसऱ्या दिवशी आम्हाला विमानात बसायची परवानगी मिळाली. मोठ्या पायऱ्या आम्ही कोणीच पाहिल्या नाहीत. फोटोवालीने टॅक्सीचं भाडंही घेतलं नाही आणि दवाखान्यातही रोज येऊन गेली.

पुढचे आठवडे मी डोळ्यांत तेल घालून काढले. भाचीचा फोन आला की ताई आधी खुर्चीत सावरून बसायची, दोन-चार वाक्यं बोलायची आणि "तुझे बाबा हाक मारतायत" म्हणून ठेवून द्यायची. दिवस भरले. मुलगी झाली. तीन किलोची, आवाज खणखणीत. ताईने तिला मांडीवर घेतलं, मनसोक्त बघितलं, आणि त्याच संध्याकाळी भाचीला सगळं सांगितलं.

भाची आईला काही बोलली नाही. मला बोलली. मी भांडी पुसत होते तिथे ती भिंत धरून चालत आली.

"तू तिचा कोट घालून उभी होतीस, आणि मला म्हणालीस, बाजूला उभी आहे."

"हो."

"मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"उठले असते. आले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

"आईने ऑपरेशन आधी केलं असतं, मावशी! मी तिला करायलाच लावलं असतं!"

मी बशी पुसत राहिले. मग आतून बाळ रडलं आणि ती गेली. त्यानंतर माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. ऑपरेशन झाल्यावर तिने सर्जनना तीन वेगवेगळ्या दिवशी एकच प्रश्न विचारला, त्या महिन्यांनी फरक पडला का. ते तिन्ही वेळा म्हणाले, सांगता येत नाही. तिसऱ्या वेळी ती बाहेर आली, बाकावर माझ्या शेजारी बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

माझी थोरली बहीण ऑपरेशननंतरच्या चौथ्या दिवशी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी हॉस्पिटलात वारली. नात तेव्हा सव्वा महिन्याची होती.